अर्धी पात

अकोटजवळच्या एका शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवायचे. एका धड्यात रिझ्यूम हा शब्द आला. मी फळ्यावर 'पुन्हा सुरू करणे' असा अर्थ लिहिला, पोरींनी तो पाच वेळा वहीत उतरवला आणि धडा पुढं सरकला. शिकवण्याची माझी पद्धत एवढीच होती, आणि मला तिचा अभिमानही होता.

त्याच आठवड्यात वर्गातली एक मुलगी परत आली. आईचा हात मोडला म्हणून दोन महिने ती आईच्या जागी कापूस वेचायला जात होती. हजेरीतलं तिचं नाव मीच लाल शाईनं कापलं होतं. घ्यायचं की नाही ते मुख्याध्यापकांनी माझ्यावर सोडलं. "आता जूनमध्ये ये, नववीत पहिल्यापासून बस," मी म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या वर्षांत अख्खा तालुका दुबार पेरणी करत होता. पहिल्यापासून सुरू करणं अंगवळणी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली आणि वर्गाच्या दारातच उभी राहिली.

"मॅडम, एक सांगा मले. वेचता वेचता बाई जेवाले गेली, तं आपल्या पातीत झाडाले फडकं बांधून जाते. आल्यावर कुठून वेचते?"

पात म्हणजे वावरात एकेकीच्या वाट्याला आलेली ओळ, एवढं मला ठाऊक होतं. "फडक्यापासून," मी म्हटलं.

"मंग माया पोरीले परत धुऱ्यावर, पातीच्या पयल्या झाडापाशी, काहून पाठवून राहिल्या?"

मी हसले. शाळा म्हणजे वावर नव्हे, असं वर सुनावलंही. "बरं," म्हणून ती गेली.

जूनमध्ये मुलगी आली नाही. चांदूर बाजारकडे तिचं लग्न लावून दिल्याचं कळलं. मला वाईट वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

पुढं रिझ्यूमचा अर्थ मी 'जिथं सोडलं तिथून पुढं सुरू करणे' असा लिहू लागले. फडक्याची गोष्टही सांगायचे. पोरींना आवडायची.

निवृत्त होताना जुनी टाचणवही हाती आली. त्या दोन महिन्यांत मी चारच धडे शिकवले होते. मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसले असते, तर पंधरा दिवसांत झाले असते. पण मधल्या सुट्टीत मी तेव्हा स्वेटर विणत होते. रोज, आदल्या दिवशी सोडला होता तिथून.