कांजीवरच्या सह्या

"हे गेले, भावजी," सुमनवहिनी फोनवर म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "ते कापड मी धुतलं, ते ह्यांना कळलं नव्हतं ना?" मागे त्यांच्या निजामपुऱ्यातल्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत होता. "निघतो," एवढंच म्हणून मी फोन ठेवला. त्याला महिना उलटून गेला. प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

भालचंद्र माझा मावसभाऊ. आमचा भालूदादा. पडघ्याला एका गोदामात कारकून होता. खेळाडूंच्या सह्या जमवायचा त्याला नाद. सुरुवातीला तोही क्रिकेटवाल्यांच्या मागे धावला, हॉटेलांच्या फाटकाशी ताटकळला, पोलिसांचे धक्के खाल्ले. मग एका वर्षी ते सगळं सोडून तो गावोगावच्या कबड्डी स्पर्धांना जाऊ लागला. तिथेही सही घ्यायचा ती हरलेल्या संघाच्या कप्तानाची. गल्लीतल्या मागावरून उतरलेलं मीटरभर कोरं कापड आणि शाईचं पेन घेऊन तो अंतिम सामना संपायची वाट पाहत उभा राहायचा. वर्षानुवर्षं तेच एक कापड. एकदा एक कप्तान त्याच्यावर खेकसला, "डोले फुटले काय तुझे? जिकलेला तिकडं हाय." दादा म्हणाला, "त्याच्याकडं रांग हाय. तुझ्याकडं मी एकटाच. कर लवकर, न्हायतर मी पण चाललो." तो माणूस हसला, मातीच्या हातानेच सही केली आणि दादाला सोबत जेवायला घेऊन गेला. क्रिकेटची रांग सोडली हा आपला एकच निर्णय बरोबर ठरला, असं दादा म्हणत असे.

रुखरुखही एकच होती. पडघ्याच्या एका स्पर्धेत गणेशपुरीच्या संघाचा कप्तान हरेश शेवटच्या चढाईत पडला आणि त्याचा गुडघा निखळला. त्याला उचलून नेत होते तेव्हा दादा कापड घेऊन हाताच्या अंतरावर उभा होता. अशा वेळी सही मागणं त्याला बरं वाटलं नाही. हरेश पुन्हा कधी खेळला नाही. "जाऊ एकदा गणेशपुरीला," असं दादा पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिला. एसटी थेट जाते... तो गेला नाही.

मूत्रपिंडं निकामी होऊन तो ठाण्याच्या हॉस्पिटलात पडला, तेव्हा त्याने एकच धोशा लावला. कापड आणा, हरेशची सही आणा. वहिनींनी कपाटातून कापड काढलं. त्यावर मैदानांच्या मातीचे, तेलाचे डाग होते. आमच्याकडे कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय अंगाला लावत नाहीत आणि हे तर आजारी माणसाच्या उशाशी जायचं होतं. वहिनींनी ते भिजत घातलं. मागावर चढण्याआधी सुताला कांजी देतात. दादाने जमवलेल्या सह्या सुतावर नव्हत्याच, कांजीवर होत्या. कांजी निघाली, सह्या निघाल्या. बादलीतलं पाणी तेवढं निळं झालं. ते पाणी ओतून द्यायला वहिनींचा हात किती तरी वेळ धजावला नाही.

"शोधतेय," असं त्या दादाला सांगत राहिल्या. तो रोज विचारत राहिला. शेवटी त्यांनी कापड माझ्या हातात कोंबलं. "एक तरी आणा, भावजी. एक दिसली की बाकीच्या घडीत आहेत म्हणून सांगेन."

गणेशपुरीत आश्रमाच्या वाटेवर हरेशचं फुलांचं दुकान आहे. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मना आठवतो तो. मना उचलून नेत व्हते, तवा कापड धरून उभा व्हता. मना वाटला, येल. त्या टायमाला कोणी सही मागितली असती ना... तर वाटला असता, अजून खेळाडू हाय मी." त्याने सही केली. धुतलेल्या कापडावर शाई फुटली. नावाचा निळा डाग झाला.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. दादाने डागाकडे पाहिलंच नाही. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये कापड धरून चोळलं. "धुतलाय," तो म्हणाला. मग घडी उलगडून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं... "एक पण न्हाय?" एकही नाही, अशी मी मान हलवली. त्याने भिंतीकडे तोंड केलं. तसाच म्हणाला, "घाल माझ्या अंगावर. आता अंगाला लावायला हरकत न्हाय." वहिनी वर आल्या तेव्हा कापड त्याच्या छातीवर होतं आणि डोळे मिटलेले होते. पुढे घरी आणल्यावरही त्यांच्याजवळ त्याने सह्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

परवा निजामपुऱ्यात गेलो होतो. डाग आतल्या बाजूला जाईल अशी घडी घालून कापड कपाटात ठेवलेलं आहे. कपाट बंद करता करता, पाठमोऱ्याच, वहिनींनी पुन्हा तेच विचारलं. समोरासमोर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. वहिनी, त्याला कळलं होतं. कापड त्याने अंगावर घेतलं, ते कळल्यानंतर.