सतरा गावांचं गाणं

नीलेश देवरेबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल थोडं वाईट लिहावं लागणार, त्याला माझा इलाज नाही.

मी नंदकुमार. सिल्वासाजवळ मसाटला सूत काढणाऱ्या एका कारखान्यात प्लॅनिंग ऑफिसर. कोण कुठल्या शिफ्टला, कुणाची जेवणाची सुट्टी किती वाजता, हे सगळं मी ठरवतो. कुणी गाव विचारलं तर मी नाशिक सांगतो. नाशिकला मी चार वर्षं शिकलो, एवढाच त्यातला खरेपणा. खरा मी धुळ्याजवळच्या फागण्याचा. पण ऑफिसात सगळे मुंबई-पुण्याचे. फागणे म्हटलं की ‘ते कुठे आलं?’ हा प्रश्न येणार, आणि मग माझ्या बोलण्यात अहिराणीचा हेल सापडतो का, हे लोक बघत बसणार. त्यापेक्षा नाशिक बरं.

नीलेश आमच्याच खात्यात मशीन चालवायचा. साक्रीकडचा. त्याचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. त्या आवाजात घरात कुणी धड झोपलं नसेल, पण नीलेशचे हात तयार झाले. दहा वर्षांपूर्वी तो इकडे आला, मग त्याची बायको चंदा आली, ती पॅकिंगला लागली. कंपनीच्या क्लबने हौसेने ड्रमसेट आणला होता, आणि आम्हा साहेबलोकांपैकी कुणालाच तो वाजवता येत नव्हता. शिफ्ट सुटल्यावर एकदा नीलेश युनिफॉर्मवरच त्यापुढे बसला. पुण्याचा शंतनु, मेंटेनन्सचा इंजिनियर, स्वतःच्या गिटारवर फार खूश असलेला माणूस. त्याने गिटार बाजूला ठेवली आणि पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहिला. असा आमचा रॉक बँड झाला. नाव ‘डेनियर’. धाग्याची जाडी मोजायचं माप ते, मसाटात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाणारे दोघं, मी आणि एचआरची सोनाली; मी जोडीला थोडी गिटारही वाजवायचो.

माझं बिंग नीलेशनेच फोडलं, पण फक्त माझ्यापुढे. स्टोअरच्या मागे मी आईशी फोनवर अहिराणीत ओरडत होतो. तिला कमी ऐकू येतं. फोन ठेवून वळलो तर हा उभा.

“दादा, तुम्ही बी आपलाच शेतस!” तो म्हणाला. केवढा आनंद झाला होता त्याला.

त्याने कुणाला सांगितलं नाही. चारचौघांत ‘सर’ आणि मराठी, एकटे असलो की ‘दादा’ आणि अहिराणी. मला ते आवडायचं. दिवसभर अंगात घातलेला कडक शर्ट काढल्यासारखं वाटायचं.

जानेवारीत कंपनीचा वार्षिक समारंभ ठरला, कारखान्यासमोरच्याच मैदानावर. नीलेशने त्यासाठी एक गाणं रचलं, अहिराणीत. आपल्या खात्यात खानदेशातली जेवढी माणसं, त्या सगळ्यांची गावं त्यात. दोंडाईचा, पिंपळनेर, शहादा, मुकटी. गाणं रचतोय हे कळल्यावर लोक मशीनवर येऊन आपापलं गाव घालायला सांगून गेले. लाउडस्पीकरवरून आपल्या गावाचं नाव ऐकायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मला गाणं वाजवून दाखवल्यावर तो हळूच म्हणाला, “तुमनं गाव बी टाकेल शे. सतरावं.”

आजूबाजूला कुणी नाही ना, ते मी आधी बघितलं. मी हसलो.

“फक्त पहिला दोन गाणास्मा ठेवा, दादा. आपला लोके सेकंड शिफ्टले शेतस. जेवाना सुट्टीमाच येतीन.”

त्याने सांगायची गरजच नव्हती. सात ते साडेसात ही सुट्टी मीच आखलेली. कार्यक्रम सातला.

सुरुवातीची गाणी ठरवायला आम्ही बसलो तेव्हा नीलेश कामावर होता. वेळ मीच निवडली होती. शंतनु म्हणाला, ओपनिंग दणदणीत पाहिजे, पुढच्या रांगेत मॅनेजमेंट बसणार, पहिली दोन गाणी इंग्रजीच. सोनालीने मात्र विचारलं, “नीलेशचं कुठे घ्यायचं? छान आहे ते.”

“तिसरं घेऊ,” मी म्हणालो.

पहिलं गाणं आठ मिनिटांचं, कारण शंतनुचं गिटारवादन आवरत नाही. दुसरं सहा. मग डायरेक्टरांचा सत्कार, तो वीस मिनिटांच्या आत संपल्याचं कुणी पाहिलेलं नाही. बेरीज करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मला ती तिथल्या तिथे आली होती. नंतर अनेकांना मी ‘लक्षातच आलं नाही’ असं सांगितलं. ते खोटं आहे. ती माणसं समोर असती तर आपापल्या गावाला ओरडली असती, आणि सतरावं कुणाचं हे शोधत बसली असती.

नीलेशला मी तिसरं म्हणून सांगितलं. “बसी ना सुट्टीमा?” त्याने विचारलं.

“बसेल की,” मी म्हणालो. मराठीत म्हणालो, हे मला नंतर जाणवलं.

त्या दिवशी सातला ती माणसं रस्ता ओलांडून आली. तीस-पस्तीस असतील. केसांत धाग्याचे तंतू, हातात डबे. खुर्च्यांवर न बसता मागे मांडवाच्या बांबूपाशी उभी राहिली. डबे कुणी उघडले नाहीत. पहिलं गाणं झालं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं झालं, तेव्हाही वाजवल्या. मग शाल, श्रीफळ, भाषण. मागे कुणीतरी सारखं घड्याळ बघत होतं. नीलेश ड्रममागे काड्या मांडीवर ठेवून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. मी गिटारच्या तारा पिळत राहिलो. त्या नीटच लागलेल्या होत्या.

साडेसातला भोंगा झाला. माणसं तशीच वळली आणि भरलेले डबे घेऊन फाटकातून आत गेली.

पाच मिनिटांनी भाषण संपलं. नीलेश म्हणाला, “ऱ्हाऊ द्या आते.” पण मला माझं मन हलकं करायचं होतं ना! मी त्याला बळेच सोनालीचा माईक दिला. तो गायला. पुढच्या रांगेतल्या मंडळींसमोर, जिथे एकाचंही गाव त्या गाण्यात नव्हतं, त्याने एकेक गाव घेतलं. एकही गाळलं नाही. सतरावंही नाही.

टाळ्या पडल्या, सभ्यपणाच्या. जनरल मॅनेजर पुढच्याच खुर्चीवर होते. त्यांनी हसत विचारलं, “नंदकुमार, कुठली भाषा ही? आणि ते शेवटचं काय, फागणे?”

माझा माईक हनुवटीखाली होता, चालू होता.

“त्याच्या गावाकडचं असेल काहीतरी, सर,” मी म्हणालो. “आपल्याला कुठे कळतंय!”

ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. रस्त्यापलीकडे, फाटकापर्यंतही गेलं असणार, स्पीकरचं तोंड तिकडेच होतं. मला मागे बघायचं नव्हतं, तरी बघितलं. नीलेशच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने काड्या उचलल्या, घाम पुसला आणि परक्या साहेबाला विचारावं तसं अदबीने विचारलं,

“सर, आगे कौनसा बजाना है?”