वच्छलाबाईंची केस

उस्मानपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावर बन्सी साळवेंची ऑफिसची एक खोली आहे. पाटीवर 'खासगी गुप्तहेर' असं लिहिलंय. ती वाचून खिदळणारेच लोक घरातलं लग्न ठरायला आलं की गुपचूप जिना चढून येतात. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, आधीची काही भानगड? साळवे पानटपरीवर उभे राहतात, सलूनमध्ये दाढीला बसतात आणि भल्याभल्यांच्या पोटातलं काढून आणतात. डोक्यावर सदा ती तपकिरी हॅट. हे वेड त्यांना कन्नड गावी असताना रेडिओवरच्या रहस्यनाटकांनी लावलं. नव्या नवरीला शेजारी बसवून ते खुनी कोण ते आधीच सांगून टाकायचे, आणि वच्छलाबाई रुसून बसायच्या.

त्याच वच्छलाबाई आता विसरत चालल्यात. आधी गॅस बंद करायचं विसरल्या, मग सुनेचं नाव, मग नवरा. एके सकाळी त्यांनी साळवेंना परका माणूस समजून खोलीबाहेर काढलं. बिचारे हॅट चढवून कामाला निघाले, तर दारात बाईंनीच अडवलं.

"तुमी रेडिओतले गुप्तहेर ना? आमचं येक काम करा. आमचे हे घरी आले नाईत."

 साळवे मुरलेला माणूस, सवयीनं विचारून गेले, "नाव?"

"बन्सी."

"ओळखायची खूण?"

"चहात बिस्कीट बुडवतेत. तुटून पडलं की माझ्याकडंच बघतेत, जसं काय म्याच पाडलं."

तेव्हापासून रोज दुपारी साळवे स्वतःच्याच घराची बेल वाजवतात. सून रूपाली दार उघडते आणि मोठ्यानं म्हणते, "आई, गुप्तहेर आलेत." ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात. आज स्टँडवर चौकशी केली, कन्नडला माणूस पाठवला, असं काहीबाही सांगतात. रात्री बाईंचा डोळा लागला की बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकतात.

एकदा त्यांना राहवलं नाही. हॅट काढून म्हणाले, "वच्छला, अगं मीच तो." बाई किंचाळत कपाटाआड शिरल्या. रूपालीनं कशीबशी समजूत घातली. त्या दिवसापासून बाईंसमोर हॅट उतरली नाही. साळवे फक्त चहात बिस्कीट बुडवतात, ते तुटेपर्यंत धरून ठेवतात आणि बायकोकडे बघतात. इतकी लफडी उकरून काढणाऱ्या माणसाला आता याच्याहून वेगळा पुरावा सुचत नाही.

परवा बिस्कीट पडलं आणि बाई खुदकन हसल्या. साळवेंचा जीव कानात गोळा झाला.

"आमच्या ह्यांचं बी असंच व्हायचं," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे टिपले. "साहेब, आता नका हुडकू त्यांना. लई उन्हातान्हात फिरलात. यायचं असतं तर आले असते. गेले ते. माझ्या मनानं घेतलंय."

"अजून थोडं बघतो की, बाई." साळवे म्हणाले.

"नाय, नको. तुमी बी आता घरी जा. तुमची बायकू वाट बघत असंल."

साळवे उठले. रूपाली "बाबा, थांबा" म्हणेपर्यंत ते घराचा जिना उतरून गल्लीत आले होते. कुठं जावं ते त्यांना कळेना.