आमच्या जर्नलमध्ये वारलेले काका

ईमेल तीन ओळींचा होता. "तुमच्या जर्नलमधल्या लेखात ज्या पेशंटचा मृत्यू झाला असं लिहिलंय, ते माझे पप्पा आहेत. ते जिवंत आहेत, आत्ता केळीच्या बागेत गेलेत. कृपया दुरुस्त करा."

मी तो दोनदा वाचला आणि चहा बाजूला ठेवला.

मी एका ओपन ॲक्सेस मेडिकल जर्नलची मॅनेजिंग एडिटर आहे. डॉक्टरांचं संशोधन आम्ही तज्ज्ञांकडून तपासून घेतो आणि इंटरनेटवर प्रसिद्ध करतो. ओपन ॲक्सेस म्हणजे वाचायला पैसे लागत नाहीत, कुणीही उघडून वाचावं. मुख्य संपादक पुण्याला बसतात आणि मी बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या घराच्या वरच्या खोलीत. शेजारणींना वाटतं मी ऑनलाइन शिकवण्या घेते. मी तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही.

'कुणीही' या शब्दात पेशंटची मुलगीही येते, हे मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. ही मुलगी इंदूरला नर्सिंग शिकत होती. वडिलांच्या आजाराचं नाव तिनं सर्च केलं आणि आमचा लेख समोर आला. लेखात नाव नव्हतं. पण आजार दुर्मिळ, हॉस्पिटल बुऱ्हाणपूरचं, पेशंट तापीपलीकडचा केळीवाला, वयही तेच. अशी दोन माणसं कुठून असणार?

लेख इथल्याच एका ट्रस्ट हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मेघनाचा होता. वयानं लहान, कामाला चोख. रक्ताच्या त्या आजारावर तिनं एक जुनं, स्वस्त औषध मोजक्या पेशंटना देऊन पाहिलं होतं. बाकी सगळे सुधारले, एक दगावला. पेशंट मोजकेच असले की एक मृत्यूसुद्धा निष्कर्ष फिरवतो. म्हणून लेखाच्या शेवटी वाक्य होतं: हे औषध सुरक्षित आहे असं म्हणता येणार नाही.

मी पुण्याला सरांना फोन लावला.

"पेशंट जिवंत असल्याचा पुरावा काय?" सर म्हणाले. "आजचं वर्तमानपत्र हातात धरून फोटो मागवा."

"सर, त्यांचं अपहरण झालेलं नाही."

"मग लेख रिट्रॅक्ट करून टाका. जिवंत माणसाला मेलेला दाखवलाय. डेटा बनावट आहे, दुसरं काय?"

रिट्रॅक्ट करणं म्हणजे लेख मागे घेणं. लेख वेबसाइटवर राहतो, पण त्याच्यावर लाल अक्षरांत ते छापलेलं असतं, कायमचं. मागे घेण्याचं कारण 'बनावट डेटा' असेल तर त्या डॉक्टरला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. नुसती चूक झाली असेल तर करेक्शन निघतं, म्हणजे दुरुस्तीची जाहीर नोंद. दोन्हींत फरक हेतूचा असतो, आणि हेतू पुण्यात बसून कळत नाही. बुऱ्हाणपुरात बसूनही कळत नाही.

"आधी कारण कळू द्या, मग शिक्षा," मी म्हटलं. "आपल्याच पॉलिसीत तसं आहे."

"मग तुम्ही तिथेच राहता, जाऊन विचारा ना पेशंटला."

"तेही पॉलिसीत बसत नाही, सर. चौकशी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीनं करायची असते. आपण फक्त प्रश्न विचारायचे."

सर म्हणाले, "पॉलिसी तुम्हीच लिहिली होती का हो?" मीच लिहिली होती. मी विषय बदलला.

मग मेघनाला फोन केला.

"मॅडम, ते पेशंट तर गेले ना," ती म्हणाली. "आमच्या सिस्टरनं फोन केला होता तेव्हा घरच्यांनीच सांगितलं."

"त्यांची मुलगी म्हणते ते बागेत आहेत."

ती ओरडलीच, "मतलब दवा ने काम किया?"

बनावट आकडे लिहिणारा माणूस पकडला गेल्यावर असं विचारत नाही. पण हे माझं मत झालं. मत फाइलला लावता येत नाही. संध्याकाळी तिचाच फोन आला, आवाज पार बसलेला. "मॅडम, माझी नोकरी जाईल का?" मी म्हटलं, "माहीत नाही. जे घडलं ते जसंच्या तसं लिहून कमिटीला दे. काही सजवू नकोस."

कमिटी बसली. जर्नलतर्फे नुसतं ऐकायला मला बोलावलं होतं. ते पेशंट काका, काकू आणि काकूंचे भाऊ, तिघंही आले होते. काका धडधाकट, पांढरा सदरा, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला. कमिटीचे अध्यक्ष, एक रिटायर्ड सर्जन, त्यांच्याकडे जरा वेळ बघतच राहिले.

सिस्टर म्हणाली, "सर, इनका मोबाइल बंद था. इसलिए मैंने दूसरे नंबर पे लगाया." दुसरा नंबर काकूंच्या भावाचा. तेच रडत रडत म्हणाले होते की दाजी वारले.

अध्यक्षांनी भावाकडे पाहिलं. "का सांगितलं असं?"

"मले तसाच निरोप आला व्हता, साहेब. बहिनीनंच फोन लावला व्हता."

आता सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर सावरून काकांकडे बोट केलं. "यायच्या डोक्यावर कावळा बसला व्हता."

मी पेन खाली ठेवलं. आमच्या भागात ही रीत आहे. डोक्यावर कावळा बसला तर मरण जवळ आलं असं मानतात. ते टाळायचं तर जवळच्या नातेवाइकाला 'माणूस गेला' असा खोटा निरोप धाडायचा. तो खरंखुरं रडला की मरण चुकलं. मग खरं सांगायचं.

"आनि मोबाइल?" अध्यक्षांनी विचारलं. ते मूळचे इथलेच, त्यांना बहुतेक उत्तर माहीत होतं.

"बंद ठेवा लागते ना," काका म्हणाले. "मेलेला मानूस फोन उचलीन का?"

भाऊ अजून रागावलेलेच होते. "मी रडत रडत गेलो, तर हे बसून भाकर खात व्हते! वरून म्हनता, या पाव्हनं, जेवा."

"दवाखान्याला का नाही कळवलं मग?"

"रडन्यात कोनाचा फोन आला तेच ध्यानात नाही राहिलं, साहेब."

म्हणजे खोटं कुणीच बोललं नव्हतं, एका काकूंशिवाय. आणि त्यांनी नवऱ्याचा जीव वाचवायला सांगितलं होतं. चूक होती ती मेघनाची: मृत्यूसारखी गोष्ट एका फोनवर नोंदवली, कागद मागितला नाही. त्या नोंदीमुळे काकांना तपासणीला बोलावणंही थांबलं होतं. जवळच्या दुकानातून गोळ्या घेऊन ते खात राहिले. हे खरं धोक्याचं होतं. अध्यक्षांनी तिथल्या तिथे त्यांचं रक्त काढायला लावलं.

रिपोर्ट चांगले आले. मेघनाला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली.

राहिलं करेक्शन.

"कारण काय लिहायचं?" सरांनी विचारलं. "कावळा?"

"नातेवाइकाकडून मिळालेली तोंडी माहिती चुकीची होती, तिची खातरजमा केली नव्हती. एवढंच. आणि तापीपलीकडचा केळीवाला हेही काढू या, मुलीनं ओळखलं तसं गावही ओळखेल."

दुरुस्त लेखात मृत्यू शून्य झाला आणि शेवटचं वाक्य बदललं. औषध आशादायक आहे, आणखी अभ्यास हवा. सरांनी ते वाचून मला फोन केला, "बरं झालं घाई केली नाही." घाई कोण करत होतं, हे मी विचारलं नाही.

हे लिहिण्याआधी मी घरच्यांची परवानगी घेतली आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या. काका म्हणाले, "टाका ना नाव, मॅडम. एकडाव मरून झालं, आता काय भ्यायचं?" तरी टाकलेलं नाही.

आमच्या पॉलिसीत आता एक कलम वाढलंय: मृत्यूची नोंद कागदावरून किंवा दोन वेगवेगळ्या माणसांकडून पक्की करावी, नुसती फोनवरून करू नये. परगावचे लेखक कुरकुरतात, एवढी विचित्र अट कशाला? मी त्यांना काही सांगत नाही. पॉलिसीतली प्रत्येक विचित्र अट कुणाच्या तरी डोक्यावर कावळा बसल्यानंतरच लिहिलेली असते.