जानकामावशीची दुपार

जालन्याच्या स्टेशनाकडच्या आमच्या गल्लीत दुपारच्या वेळी मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. हा हुकूम निजाम सरकारचा नव्हता, जानकामावशीचा होता, आणि सरकारी हुकमापेक्षा तो जास्त पाळला जाई. एकदा तहसिलीचा चपराशी नवे करकरीत जोडे घालून गल्लीतून चालला होता. मावशी आडवी आली.

"जोडे काढा."

"मावशी, सरकारी काम हाय. जल्दी हाय."

"मंग करा की काम. जोडे हातात घेऊन करा. लेकरं निजून राह्यलीत."

चपराशानं इकडेतिकडे पाहिलं, जोडे काखेत मारले आणि गल्ली संपेपर्यंत तो चवड्यांवर गेला. मावशीनं वळूनही पाहिलं नाही. ती पिंजाऱ्याला हुसकायला पुढे गेली होती, कारण त्याची तार वाजली की धाकटी पोरं दचकत.

स्टेशनाजवळ कापसाची जीन होती. हंगामात गल्लीतल्या बाया तिथे सरकी वेगळी करायच्या कामाला जात आणि जाताना आपली पोरं मावशीच्या पडवीत सोडत. माझी आईही त्यांतलीच, ती मला आणि माझ्या तान्ह्या भावाला तिथे सोडी, आणि पाच-सहा वर्षांची मी त्या पडवीतली सगळ्यांत थोरली. मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. त्याचं दुःख करायला तिला सवडही नव्हती, कारण दुसऱ्यांच्या मुलांनी तिची पडवी कायम भरलेली असे.

पोरं निजवणं हे काम आहे असं तोवर कुणाला वाटलेलं नव्हतं. मावशीनं मात्र त्याचा पुरता कारभार करून ठेवला होता. प्रत्येक पोराबरोबर त्याच्या आईच्या लुगड्याचा तुकडा यायला हवा, आणि तोही न धुतलेला. एखादी टापटिपीची बाई तो स्वच्छ धुऊन, घडी करून आणी आणि बोलणी खाई. "धुतला कशाला? आता ह्याच्यात आईचा वास कुठून आणू मी?" लाथा झाडणारं पोर भिंतीकडे, अंगठा चोखणारं मधे, भावंडं कधीच शेजारी-शेजारी नाहीत. मग ती एकेकाचे तळवे चोळत फिरे. "आधी पाय निजवावं लागतात," ती म्हणे, "डोळ्यांचं मागून बघू."

अंगाई तिला येत नव्हती. आवाज असा होता की अंगाई म्हटली असती तर निजलेली उठली असती. म्हणून ती स्टेशनं म्हणे. तिचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली किसनमामा म्हणे, रेल्वेत खलाशाच्या मजुरीवर होते आणि त्यांच्याकडून तिला मनमाडपर्यंतची सगळी स्टेशनं पाठ झाली होती. एका संथ सुरात ती गाडी सोडी: जालना, बदनापूर, करमाड, चिकलठाणा. बरीच पोरं बदनापूरलाच उतरत. करमाड ओलांडलेलं पोर द्वाड समजलं जाई. मी मिटल्या डोळ्यांनी एकदा दौलताबादपर्यंत गेले होते आणि मला त्याचा फार अभिमान होता.

किसनमामांचे हाल विचारू नका. रात्रपाळी करून आलेल्या त्या माणसाला दुपारच्या भाकरीबरोबर कांदा फोडायची बंदी होती. "चिरून खावा. गुमान खावा," अशी ताकीद होती. मामा आईला सांगत, "घर माझं हाय, अन् खोकायचं म्हणलं तर मला स्टेशनात जावं लागतं." 

एका गोष्टीवर मात्र मावशीशी चेष्टा चालत नसे, ती म्हणजे अफूची गोळी. त्या काळी कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्यांना सकाळीच बारक्या डबीतली बाजरीच्या दाण्याएवढी अफू चाटवत, म्हणजे पोर दिवसभर गुंगीत राही. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण मावशीच्या बहिणीचं लेकरू असंच निजलं ते उठलं नव्हतं. त्यामुळे पोर ठेवून घेताना ती आईला पहिलं हेच बजावी, "माझ्याकडं गोळी न्हाई चालायची. माझ्या हाताला झोप हाय." आणि खरोखरच तिच्या हाताला झोप होती. गल्लीत तिचं नाव झालं होतं, आणि नाव झालेलं तिला अजिबात नावडत नव्हतं.

अशात भोकरदनकडून तुळसा नावाची एक तरणी बाई आली. नवरा गेलेला, कडेवर वर्षाची चंद्री. जीनमधला मुकादम असा की पोर रडतं म्हणून बाईला मधेच घरी जावं लागलं तर दुसऱ्या दिवशी तो तिला फाटकाच्या आत घेत नसे. म्हणजे चंद्री निजली तर तुळसाचं काम टिकणार, आणि चंद्री तर निजायला तयार नव्हती. मावशीनं तळवे चोळले, गाडी सोडली. चंद्री टक्क डोळ्यांनी मनमाडला गेली आणि परत जालन्याला आली. दुसऱ्या दिवशीही तेच. किसनमामा म्हणाले, "हिला रेल्वेत घेऊ आता." गल्ली हसली आणि मावशीला ते झोंबलं. संध्याकाळी ती तुळसाला फटकन बोलली, "असलं जागं लेकरू मी न्हाई ठिवत बाई. बाकीचे बी उठतेत."

दुसऱ्या दिवशी चंद्री बदनापूरच्याही आधी निजली. मावशीनं पडवीतून मान वर करून सगळ्या गल्लीकडे असं पाहिलं की जणू लढाई जिंकली. त्यानंतर चंद्री रोजच निजू लागली, आणि मावशी ज्याला-त्याला सांगू लागली, "हात लागावा लागतो."

मग एका दुपारी सगळी पोरं उठली आणि चंद्री उठली नाही. मावशीनं हाका मारल्या, उचलली, तर मान खांद्यावरून घसरली. तिनं चंद्रीची पापणी वर केली. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती, तिच्या बहिणीच्या लेकराची झाली होती तशीच. मावशीचा चेहरा असा उतरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. किसनमामा पळत जाऊन हकीमसाहेबांना घेऊन आले. त्यांनी नाडी धरली, कसलंसं औषध जिभेला लावलं आणि म्हणाले, "अब इसको सोने मत दो. बिलकुल नहीं." जानकामावशीला असा हुकूम आयुष्यात कुणी दिला नव्हता.

त्यानंतर जे झालं ते गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. मावशीनं आम्हा पोरांच्या हातात ताटं-पळ्या दिल्या आणि "बडवा" म्हणाली. पिंजाऱ्याला स्वतः हाक मारून आणलं आणि तार छेडायला दारात बसवलं. चंद्रीच्या तोंडावर पाणी मारत, तळव्यांवर चापट्या देत ती येरझाऱ्या घालत होती आणि तिच्या त्या भसाड्या आवाजात ओरडत होती, "उठ गं माय, उठ." मला फार भीती वाटत होती. ताट बडवता बडवता मी रडत होते. उन्हं कलली तेव्हा चंद्रीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीक रडायला सुरुवात केली. मावशीनं तिला पोटाशी धरलं आणि तीही रडली.

तुळसा कुणाकडून तरी ऐकून धावत आली. मावशी तिला फाडून खाईल असं सगळ्यांना वाटलं. पण तुळसाच उंबऱ्यात बसून म्हणाली, "तुमीच म्हणल्ता मावशी, जागं लेकरू ठिवत न्हाई. मंग गोळी न देता मी काय करू?" मावशीनं चंद्रीला तिच्या मांडीवर दिलं.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पोरं आली. नेहमीसारखे लुगड्यांचे तुकडे पसरले, तळवे चोळून झाले, गाडी सुटली. बदनापूर गेलं, करमाड गेलं, आणि पडवीतलं एकही तान्हं निजलं नाही. कुणी किरकिरत होतं, कुणी रांगत उंबऱ्याकडे निघालं होतं. मावशीनं गाडी मधेच थांबवली. तिनं एकेका पोराकडे पाहिलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. चंद्रीच्या प्रसंगानं भ्यालेल्या बायांपैकी त्या सकाळी कुणीही गोळी दिली नव्हती. म्हणजे आजवर गोळी सगळ्याच जणी देत होत्या. मावशीच्या हाताची झोप निम्मी-अर्धी त्या बाजरीच्या दाण्याची होती. 

मग ती उठली, सगळ्यांत मोठ्यानं रडणारं पोर कडेवर घेतलं, दुसरं पाठीशी बांधलं, आणि संध्याकाळपर्यंत ती खाली बसली नाही. गल्लीत इतका कालवा झाला की तहसिलीपर्यंत गेला असेल.

दिवेलागणीला बाया आल्या त्या खाली माना घालून. आता ही उद्यापासून पोरं ठेवायची नाही, मग कामाचं काय, एवढंच प्रत्येकीच्या तोंडावर होतं. मावशीनं जिचं पोर तिच्या हातात दिलं. अंबाडा सुटलेला, लुगडं ओलं झालेलं. ती म्हणाली, "उद्या बी आणा. जागं असलं तरी आणा."

घरी आल्यावर आईनं माझ्या धाकट्या भावाला खाली ठेवलं, कोनाड्यातली एक बारकी डबी काढली आणि चुलीत टाकली.