वळणावरचे मामा

माझे सासरे आमच्या शहरातल्या, गारखेड्याच्या घरी राहायला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक खाकी पिशवी होती. ती त्यांनी दाराशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि तिथून कुणाला हलवू दिली नाही. आंघोळ झाली की तिच्यातून धोतर-सदरा काढायचा, धुतलेले वाळले की घडी करून परत तिच्यातच. बायकोनं कपाटाचा एक कप्पा त्यांच्यासाठी मोकळा केला होता. तो तसाच मोकळा राहिला.

"आबा, ती पिशवी आत ठेवा ना," ती रोज म्हणायची.

"राहू दे. जायचंच हाय चार-आठ दिसांत."

सासूबाई गेल्यापासून ते वैजापूरकडच्या गावात एकटे होते. मेंढरं पुतण्याच्या हवाली केलेली. एकदा चक्कर येऊन ओसरीवर पडले, ते शेजाऱ्यांना दुपारी कळलं. त्यांना परत एकटं धाडायचं म्हटलं की बायकोचे डोळे भरून यायचे. पण जन्मभर रानात हिंडलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं कसं? सकाळी गॅलरीत उभे राहायचे, दुपारी गॅलरीत उभे राहायचे, आणि संध्याकाळी वैजापूरची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते विचारायचे.

"त्यांना काहीतरी राखायला पाहिजे," बायको म्हणाली. आमच्या घरात राखण्यासारखं काय होतं? कुंडीतली तुळस आणि माझी गाडी.

गाडी म्हणजे रिमोटची. मी कारखान्यात टूलरूमला आहे, वय पन्नासाला टेकलेलं, आणि रविवारी मी रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती खेळतो. हे सांगताना मला पूर्वी लाज वाटायची, आता वाटत नाही. हातभर लांबीची बग्गी, दणके झेलणारे चार शॉक-अप, बॅटरीवर चालणारी मोटर. लोकांना वाटतं रिमोट दाबला की झालं. अहो, खरी मजा शर्यतीच्या आधी असते. मातीप्रमाणे टायर निवडायचे, शॉक-अपमधलं तेल पातळ की घट्ट ते ठरवायचं, चाकं किंचित आत कलती ठेवायची. एक स्प्रिंग बदलण्यात माझा अख्खा शनिवार जातो आणि बायकोचा संताप होतो.

एका शनिवारी मी हॉलमध्ये गाडी पुढं-मागं चालवून बघत होतो. मामा, म्हणजे सासरे, मी त्यांना मामाच म्हणतो, भिंतीला टेकून बसले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "पाव्हणं, ही लंगडतीय."

मी मनात म्हटलं, झालं, आता हे मला शिकवणार.

"मागचा उजवा पाय. टेकवते, पण भार देत नाय."

चिडूनच मी मागचा उजवा शॉक-अप उघडला. आतलं तेल निम्मं गळून गेलेलं. दोन आठवडे मी सगळी गाडी पालथी घालत होतो, आणि म्हाताऱ्यानं चहा पिता पिता सांगितलं. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ट्रॅकवर नेलं. छावणीच्या पलीकडं एका ओळखीच्या माणसाच्या पडीक जागेत आम्ही सात-आठ जणांनी जुने पाइप टाकून वळणं केली आहेत, दोन उंचवटे केले आहेत. आमच्यात छावणीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला माझा जुना मित्र आहे; तो गाड्यांच्या वायरी जोडतो आणि सगळ्यांची चेष्टा करतो. शर्यतीत गाडी उलटली तरी चालवणाऱ्यानं आपली जागा सोडायची नसते. वळणावर एक माणूस उभा असतो, तो गाडी सरळ करून देतो. कंटाळवाणं काम, कुणी मनापासून करत नाही. त्या दिवशी मामांनी ते मागून घेतलं.

त्यांच्याकडं आकडीची काठी होती. वाकायची गरज नाही; गाडी उलटली की आकडी घालून हलकेच सुलटी करायची. खुर्ची दिली, ते बसले नाहीत. चार रविवारांत त्यांना आठही गाड्या चालीवरून ओळखू यायला लागल्या. "ती हिरवी लई हावरट हाय, वळणावर आत घुसती," असं सांगायचे आणि हिरव्या गाडीवाला खाली बघायचा. घरी येऊन लेकीला सगळी हकिगत सांगायचे. चार दिवसांचा दीड महिना झाला. पिशवी मात्र स्टुलावरच होती.

मग नाशिकची मंडळी आमच्याकडं खेळायला आली. त्यांच्या गाड्या भारी, त्यांचा सराव जास्त. त्यांच्यापुढं आम्ही कधीच जिंकलो नव्हतो. त्या दिवशी मात्र माझी गाडी अशी पळत होती की माझा मलाच विश्वास बसेना. शेवटच्या फेरीत मी पुढं होतो, चांगला दहा-बारा हात. आणि मामांच्या वळणावर सगळ्यात मागची, नाशिकवाल्याची पिवळी गाडी उलटली.

मामांनी ती सरळ केली. तिच्या चाकात सुतळी अडकली होती, ती काढायला ते खाली बसले. तेवढ्यात माझी गाडी वळणावर आली, आणि मामांनी मान वर न करता काठी आडवी धरली.

माझी गाडी काठीवर धाडकन आपटून थांबली. तिच्या मागून आलेल्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, मग बाजूनं निघून गेल्या. सगळे ओरडत होते. मामा शांतपणे सुतळी सोडवत होते. ती निघाल्यावर त्यांनी पिवळी गाडी खाली ठेवली, काठी उचलली आणि म्हणाले, "हां, चला आता."

मी तिसरा आलो. माझा मित्र हसून हसून खाली बसला. "क्या मामा, अपनेइच जवाई को रोक दिये?"

मला हसू आलं नाही. मी तापट आहे, हे घरी-दारी सगळ्यांना माहीत आहे. गाडी आणि हत्यारं न्यायची पेटी अशी आपटली की तिची बिजागरी तुटली, आणि वीस माणसांसमोर मी ओरडलो, "मामा, ही काय मेंढरं हायेत का?"

 मामा काठी बगलेत धरून झाडाखाली जाऊन बसले. घरी आल्यावर लेकीला एवढंच म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जातो गावाकडं."

बायकोनं काय झालं ते माझ्याकडून काढून घेतलं आणि नंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवणाचं ताट समोर ठेवलं तेही बाजूला बघत. एका खेळण्यासाठी मी तिच्या बापाला घराबाहेर काढलं होतं. तिनं असं म्हटलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

सकाळी मामा सहालाच तयार होऊन, पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेले. मी सुट्टी टाकली होती. चुकलं म्हणायला तोंड उघडलं, पण सासऱ्यासमोर जावयाची जीभ लवकर वळत नाही. मी गाडी आणली, फरशीवर ठेवली आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एकदा चालवली.

"मामा, जरा बघता का?" म्हटलं. "कुठं लंगडतीय?"

ते बघेनात. मी परत चालवली. तिसऱ्या खेपेला त्यांच्यानं राहवलं नाही.

"पुढचा डावा," ते म्हणाले. "काठीला लागला तो."

"काल मी बोलायला नको होतं, मामा. माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं?" ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते. "रानात एखादं मागं पडलं, पायात काटा भरला, तर पुढचं आडवायचं. म्होरकं थांबलं की कळप थांबतो. नाय थांबवलं, तर मागचं लांडग्याच्या तोंडी जातं. साठ वर्षं तेच केलं. हात आपसूक गेला. तुमच्यात मागच्यासाठी कुणी थांबत नाय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

 स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पिवळीवाला पोरगा लई खूश होता पण," ते म्हणाले. "पाया पडला माझ्या."

"येत्या रविवारी सराव आहे," मी म्हटलं. "तुमच्या वळणावर उभं राहायला कुणी नाही. आणि हा पुढचा पाय मला एकट्याला नीट जमणार नाही."

"नियम आधी सांगा मग. सगळे." त्यांनी गाडी उचलून उलटी केली, चाक बोटानं फिरवून पाहिलं. "आन् ही न्यायची कशात? पेटी तर तुम्ही काल फोडली."

मी इकडंतिकडं बघितलं. घरात धड एक पिशवी सापडेना. मामांनी माझी शोधाशोध थोडा वेळ बघितली, मग खाकी पिशवी पलंगावर उपडी केली. धोतरं, सदरे, कंगवा, तंबाखूची चंची, सगळं बाहेर. रिकाम्या पिशवीत त्यांनी आधी टॉवेल अंथरला, त्यावर गाडी ठेवली आणि बंद ओढून बघितला.

"मावती," ते म्हणाले.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. पलंगावरचे कपडे तिनं एकेक करून उचलले आणि कपाटाच्या त्या मोकळ्या कप्प्यात ठेवले.