तेलाचा कॅन, तांबडा कोंबडा आणि आमच्या सासूबाई

परवा पोळ्याची कर झाली आणि माझ्या हातून एक पराक्रम घडला… सांगितल्याशिवाय राहवतच नाहीये!

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्या मारेगावकडे कर. श्रावणभर आवरून धरलेली जीभ त्या दिवशी सुटते आणि घरोघरी रस्सा शिजतो. आमच्याकडे कोंबडं घरचंच असतं, अंगणात वाढवलेलं.

पण यंदा श्रावणाआधी, आखाडीच्या सणाला आमच्या यांच्या हातून सुरी अर्धवट फिरली. पिल्लापासून मी दाणे टाकलेलं ते कोंबडं, रक्ताळलेल्या मानेनं अंगणभर धावलं… मी त्या दिवशी जेवले नाही. यांना सरळ सांगितलं, एक तर त्रास न देता कापायचं, नाहीतर करीनंतर माझ्या सगळ्या कोंबड्या बाजारात! आणि मी बोलते ते करते, हे यांना चांगलंच माहीत आहे.

मग काय, श्रावणभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना विचारून विचारून भंडावून सोडलं. त्या म्हणाल्या, पाय धरून लोंबकळत आणू नका, छातीशी धरून आणा. बूड कापलेल्या कॅनमध्ये डोकं खाली करून सोडलं, की पंख आवळले जातात आणि कोंबडं गप्प होतं. मग सुरीला चांगली धार हवी… जबड्याखाली, दोन्ही बाजूच्या नसा, झटक्यात.

यांनी मोठ्या उत्साहानं कॅन आणला. कसला? कपाशीवर फवारायच्या औषधाचा! म्हटलं, कोंबड्यासोबत आपणही जायचंय का? मग किराणा दुकानातून गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन आला. त्याचं बूड कापलं, तोंड मोठं केलं आणि गोठ्यामागच्या खांबाला उलटा बांधला, बाकीच्या कोंबड्यांना दिसणार नाही असा.

करीसाठी आमचा तांबडा कोंबडा ठरला होता. आदल्या रात्रीपासून त्याला नुसतं पाणी द्यायचं होतं, पोट रिकामं राहावं म्हणून. सकाळी बघते तर गळ्याची पिशवी टम्म! सासूबाईंनी पहाटेच बैलांबरोबर त्यालाही उरलेली पुरणपोळी चारली होती. "सनाच्या दिवशी कोनाले उपाशी ठेवतं का बाप्पा?" सकाळचं काम दुपारवर गेलं आणि सगळं घर भुकेनं माझ्याकडे बघत बसलं.

दुपारी यांच्या हातात सुरी दिली, तर यांनी तिची मूठ माझ्याकडेच वळवली. आखाडीतलं आठवलं असणार. "तुले सारं पाठ हाय… तूच कर," म्हणाले.

आमच्या घरात बाईनं कधी कापलेलं नाही. पण स्वतःवरच भरवसा नसलेल्या हातात तांबड्याला कसं देणार होते मी?

पदरानं त्याचे डोळे झाकून त्याला छातीशी धरून आणलं. कॅनमध्ये सोडलं… आणि तो खरंच शांत झाला! खालून बाहेर आलेलं डोकं डाव्या हातात धरलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. आतल्या आत थोडे पंख हलले आणि थांबले. मान पूर्ण सैल पडेपर्यंत मी हात काढला नाही.

मग मात्र यांचा दंड धरून गदागदा हलवला. जमलं, जमलं हो! डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

आम्ही पिसं काढायला बसलो, तेवढ्यात सासूबाई मसाल्याच्या हातानंच बाहेर आल्या. "काहून उशीर लावून राह्यले? कवा कापता? मले शेजारी जाचं हाय."

"झालं न आई," मी म्हटलं.

त्या बघतच राहिल्या. कॅनकडे, माझ्याकडे, मग पुन्हा कॅनकडे. "ओरडला नाही?"

"नाही."

त्या तिथंच बाजेवर टेकल्या. "ह्या घरात आल्यापासून कोंबडं कापाचं म्हटलं का मी शेजारी जाते, पोरी. तो आवाज सहनच होत नाही मले."

अहो, मला तर इतकी वर्षं वाटायचं, कामाच्या वेळी नेमक्या गप्पा मारायला सटकतात! एकदा तर मी तोंडावर चिडवलंही होतं. आणि ही बाई कधी कुणाला एका शब्दानं बोलली नाही… कुणाला सांगणार? ऐकलं असतं का कुणी?

संध्याकाळी रस्सा असा झाला होता म्हणून सांगू! पण तो बाजूला राहू द्या. ताटं उचलताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "पुढच्या बारीले मले हाक मार. मी कुशीत धरून आनीन त्याले."

कोंबड्या बाजारात जाणार नाहीत, हे आता पक्कं. आणि तांबड्या… तुझे आभार रे बाबा. आमच्या घरातलं एक माणूस तुझ्यामुळे मला कळलं.